प्यादी पुढे करण्यापूर्वी

बुद्धिबळाच्या पटावर माघारी फिरण्याची मुभा केवळ एका सोंगटीला नाही. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा हे सारे परत येऊ शकतात. प्यादे मात्र एकदा पुढे गेले की गेले. किल्लेकोट केलेल्या राजावर प्याद्यांची चाल करून जाणाऱ्याने हे प्रथम ध्यानी घ्यावे, असे जाणते खेळाडू बजावतात. ही ताकीद पटाबाहेरही विचारात घेण्याजोगी आहे.

किल्लेकोटात राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो, हत्ती त्याला ओलांडून पलीकडे बसतो आणि पुढे तीन प्यादी तटासारखी उभी राहतात. हा तट फोडण्यासाठी प्रतिपक्ष आपली प्यादी एकामागून एक त्यावर धाडतो. ती तटाला भिडतात, मारतात किंवा मारली जातात. काहीही घडले तरी उभी रांग मोकळी होते आणि मागचा हत्ती आत शिरतो. १९५८ साली पोर्तोरोझ येथील स्पर्धेत पंधरा वर्षांच्या बॉबी फिशरने डेन्मार्कच्या बेंट लार्सनवर याच मार्गाने विजय मिळवला. लार्सनचा राजा एका बाजूस होता, फिशरचा दुसऱ्या. म्हणूनच फिशर आपली प्यादी निर्धास्तपणे पुढे लोटू शकला.

या निर्धास्तपणातच नीतीचा प्रश्न दडला आहे. दोन्ही राजे एकाच बाजूला असते, तर तीच प्यादी स्वतःच्या राजाचे छत्र ठरली असती आणि प्रत्येक चाल दहादा विचार करून करावी लागली असती. राजा दूर, सुरक्षित असला की प्याद्याचे मोल खेळाडूच्या नजरेत उतरते. प्यादे तेच असते. बदलते ते आपले स्थान.

पटावर यात काहीच गैर नाही, कारण तिथे लाकूडच मरते. परंतु ‘प्यादे’ या शब्दाचा मूळ अर्थ पायी चालणारा शिपाई, म्हणजे माणूस. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याचे स्वतःचे साध्यपण ओळखावे, असे कांटने १७८५ साली प्रतिपादले. सेमिनरीत मी हे प्रकरण उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झालो होतो. त्याचा अर्थ मात्र मला पुष्कळ उशिरा, फुलसावंगीच्या परिसरात कळला.

एका वर्षी कापूस वेचणीच्या दरावरून मी मजुरांना एकत्र केले. मागणी रास्त होती. सर्वांच्या वतीने बोलायला मी एका धीट तरुणाला पुढे केले. दर थोडा वाढला. रांग मोकळी झाली. मात्र त्या तरुणाला उरलेल्या हंगामात कोणीही कामावर बोलावले नाही. मी ओसरीवरून त्याला धीर देत राहिलो. त्या काळात माझे एक वेळचेही जेवण चुकले नाही.

कोणी म्हणेल, पुढे कोणी झालेच नाही तर अन्याय हटणार कसा? आक्षेप खरा आहे. प्यादी न हलवता डाव जिंकता येत नाही, आणि भीतीपोटी सर्वांना घरी बसवणारा पुढारी काही अधिक नीतिमान ठरत नाही. तेव्हा प्रश्न प्यादी हलवावी की नाही हा नसून, हलवणाऱ्याने स्वतःला काय विचारावे हा आहे. परतीची वाट नाही हे पुढे जाणाऱ्याला मी सांगितले का? सारा पट त्याला दाखवून मग त्याची संमती घेतली का? आणि माझा स्वतःचा राजा त्याच्याच आडोशाला असता, तरीही मी ही चाल केली असती का? तिसऱ्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे होते.

आपल्या भाषेत ‘प्यादेमात’ हा शब्द आहे. सर्वांत लहान सोंगटीने राजाला दिलेली मात आपल्या पूर्वजांना स्वतंत्र नाव देण्याइतकी मोलाची वाटली. प्यादे केवळ हत्तीला वाट करून देण्यासाठी नसते, ही जाण त्या शब्दात आहे.

तो तरुण अजूनही बाजारात भेटतो, आदराने बोलतो. पुन्हा असा प्रसंग आला तर उभा राहशील का, असे मी त्याला एकदा विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, “राहीन ना, फादर. पण या खेपेले तुम्ही माह्या बाजूले उभे राहा.”