‘तो विषय पुन्हा काढू नये’

क्षमा करणे आणि विसरून जाणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? आपल्या बोलण्यात त्या नेहमी जोडीने येतात. “झाले गेले विसरून जा,” असे आपण भांडणाऱ्या भावांना सांगतो, सासूसुनांना सांगतो आणि कधी कधी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीलाही सांगतो. पण विसरण्याचा हुकूम देता येतो काय? आणि दिलाच, तर त्याची किंमत कोण मोजतो? या जुन्या प्रश्नाचा विचार मी येथे एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे करणार आहे. ते उदाहरण दूरदर्शन संचावरील एका कार्टून मालिकेचे आहे.

‘दि सिम्पसन्स’ ही अमेरिकन मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांचा असलेला बार्ट नावाचा खोडकर मुलगा आजही दहाच वर्षांचा आहे. प्रत्येक भागात घरावर काही ना काही संकट कोसळते आणि पुढच्या भागात सर्व पूर्ववत असते. कालच्या घटनेची आजच्या घटनेशी जी संगती लागते, तिला सातत्य म्हणतात. हे सातत्य अशा मालिकांत बेताचेच असते.

दुसरे वैशिष्ट्य संदर्भांचे. पात्रे बोलता बोलता एखादा चित्रपट, एखादे पुस्तक, एखादा खटला यांकडे बोट दाखवतात. ज्याला ते ठाऊक असेल तो हसतो, ज्याला नसेल तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हे तंत्र आपल्या भागाला नवीन नाही. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार होऊन येत, तेव्हा त्यांचे दिसणे सारखे आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत असे आणि हशा त्या माहितीतूनच पिके. तमाशातील गवळणीत पेंद्या आणि मावशी वर्षानुवर्षे तीच असतात. त्यांचे वय वाढत नाही, पण बतावणीत मात्र चालू निवडणुकीचा आणि बाजारभावाचा उल्लेख हमखास येतो. पात्रे जुनी आणि संदर्भ ताजे, हाच तो नियम.

‘सिम्पसन्स’च्या ज्या भागाविषयी मी लिहीत आहे, तो २८ सप्टेंबर १९९७ रोजी प्रक्षेपित झाला. मार्क ट्वेनच्या १८८१ मधील ‘दि प्रिन्स अँड द पॉपर’ या कादंबरीच्या नावावरून त्याला ‘दि प्रिन्सिपल अँड द पॉपर’ असे नाव दिले आहे. राजपुत्र आणि भिकारी यांची अदलाबदल हा त्या कादंबरीचा विषय. येथे राजपुत्राच्या जागी शाळेचा मुख्याध्यापक आहे.

स्प्रिंगफील्ड गावातील शाळेत सीमूर स्किनर यांच्या मुख्याध्यापकपदाची वीस वर्षे साजरी होत असतात. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ येतो आणि सांगतो, “खरा सीमूर स्किनर मी आहे.” मुख्याध्यापक कबूल करतात. त्यांचे नाव आर्मिन टॅमझेरियन. ते अनाथ, तरुणपणी वाया गेलेले. न्यायाधीशाने त्यांना तुरुंग किंवा सैन्य यांतून निवड करायला सांगितली आणि ते व्हिएतनामच्या युद्धात गेले. तेथे सार्जंट स्किनरने त्यांना माणसात आणले. पुढे सार्जंट बेपत्ता झाला, मेला असे समजले गेले. ही वार्ता त्याच्या आईला सांगण्यासाठी आर्मिन तिच्या दारात उभे राहिले, पण ती वार्ता त्यांच्या ओठांतून बाहेर पडली नाही. आईने त्यांना मुलगा मानले आणि ते मुलगा झाले. इकडे खरा सार्जंट शत्रूच्या कैदेत आणि नंतर परदेशातील वेठबिगारीत वर्षे काढत होता.

ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखे घरटी सैनिक देणारे गाव आहे, तेथे बेपत्ता सैनिक आणि दाराकडे डोळे लावून बसलेली आई ही चित्रे कार्टूनमध्येसुद्धा सहजासहजी हसवू शकत नाहीत.

या कथेमागेही संदर्भांचे थर आहेत. खऱ्या सार्जंटला आवाज दिला आहे मार्टिन शीन या नटाने. व्हिएतनाम युद्धावरील १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटात सैनिकी अधिकाऱ्याची भूमिका त्यानेच केली होती. जाणत्या प्रेक्षकाला नुसता आवाज ऐकूनच ते युद्ध आठवावे, ही योजना. भागाचा लेखक केन कीलर याने मूळ प्रेरणा घेतली ती इंग्लंडमधील टिचबोर्न खटल्यावरून. टिचबोर्न हे जुने कॅथलिक घराणे. त्याचा वारस रॉजर १८५४ मध्ये समुद्रात बुडाला. आईने आशा सोडली नाही. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एक खाटीक ‘मीच रॉजर’ म्हणत आला आणि आईने त्याला पोटाशी धरले. आईच्या मृत्यूनंतर खटले चालले आणि १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याला तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ‘तोतया’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला पानिपत आठवते. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले ते याच प्रकरणावर.

त्याहून विचार करायला लावणारी घटना साताऱ्याच्या गादीची आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. ताराबाईंनी पुढे आणलेला त्यांचा नातू रामराजे १७५० मध्ये छत्रपती झाला. त्याच वर्षी ताराबाईंचे आणि त्याचे बिनसले. त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातूच नव्हे, असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. ती शपथ सत्याची की राजकारणाची, यावर इतिहासकार वाद घालतात. आपल्यापुरते महत्त्व पुढच्या घटनेचे आहे. ती शपथ जणू कोणी ऐकलीच नाही. रामराजे १७७७ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत, छत्रपतीच राहिले. १७६१ मध्ये माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती साताऱ्याहूनच. सर्वांच्या सोयीचे जे होते, ते चालू राहिले.

कार्टूनमधील गावही नेमके हेच करते. खरा स्किनर घरी येतो, पण तो आईच्या मुठीत राहणारा नाही, म्हणून तो तिला आवडत नाही. गावालाही त्याची सवय नाही. मग गावकरी आर्मिनला परत आणतात आणि सार्जंटला आगगाडीच्या उघड्या डब्यावर खुर्चीला बांधून गावाबाहेर पाठवून देतात. न्यायाधीश फर्मान काढतो: स्किनर हे नाव, त्याचा भूतकाळ, भविष्यकाळ आणि आई, सर्व आर्मिनचे. यापुढे सगळे पूर्वीसारखे चालेल आणि हा विषय कोणी काढला तर त्याचा छळ केला जाईल. मालिकेनेही ते फर्मान पाळले. पुढे क्वचित थट्टेत उल्लेख आला तेवढाच.

हा भाग अनेक चाहत्यांना रुचला नाही. मुख्याध्यापकाला आवाज देणारा हॅरी शियरर यानेही त्यावर उघड टीका केली. इतक्या वर्षांत ज्या पात्रावर आम्ही जीव लावला, ते पात्रच खोटे ठरवले, ही त्यांची तक्रार. लेखकाचे म्हणणे निराळे होते. आहे ते तसेच राहावे, असा हट्ट धरणाऱ्या माणसांवरच ही कथा बेतलेली आहे, असे त्याने पुढे सांगितले. म्हणजे फर्मान काढणारे स्प्रिंगफील्ड हे प्रेक्षकांचेच चित्र होते.

मला यात एक विसंगती जाणवते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. हा भाग प्रेक्षकाकडून केवढ्या स्मरणाची अपेक्षा करतो! त्याने ट्वेनची कादंबरी आठवावी, अठरा वर्षांपूर्वीचा चित्रपट आठवावा. आणि कथेतील गावाला मात्र कालचा दिवस आठवण्याची मनाई! संदर्भ म्हणजे स्मृती आणि सातत्य म्हणजेही स्मृतीच. मग एक स्मृती हवीहवीशी आणि दुसरी नकोशी का? कारण उघड आहे. संदर्भाची स्मृती आपल्याकडे काही मागत नाही, ती ओळखल्याचा आनंद देते. सातत्याची स्मृती मात्र हिशेब मागते. तू काल असे वागलास, तर आज कोणाचे काय देणे लागतोस, असे ती विचारते.

गावाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आर्मिनने वीस वर्षे शाळा चालवली आणि एका म्हातारीला सांभाळले. ही सेवा खोटी नव्हती. माया केवळ रक्तानेच सिद्ध होते असे ख्रिस्ती माणसाने तरी म्हणू नये. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेला प्रभूने रक्ताचा नसलेला पुत्र दिला. तेव्हा आर्मिनला ठेवून घेतले, यात गावाचा दोष नाही. दोष आहे तो त्याला ‘आर्मिन’ म्हणून ठेवून न घेण्यात. “तू कोण आहेस हे आम्हांला कळले आहे, तरी राहा,” हे वाक्य कोणी उच्चारले नाही. आणि सार्जंटला गावात एक खोलीही कोणी दिली नाही. हुकमाने लादलेल्या विस्मरणाची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि बहुधा तो ज्याच्यावर अन्याय झाला तोच असतो.

पवित्र शास्त्रात एक थोर तोतया आहे. आंधळ्या इसहाकाने “तू कोण?” असे विचारले तेव्हा याकोबाने “मी एसाव” असे सांगितले आणि आशीर्वाद मिळवला. देवाने तो आशीर्वाद हिरावून घेतला नाही, पण पाटीही कोरी केली नाही. लाबानाच्या घरी याकोब स्वतःच अशा अदलाबदलीने फसला. वर्षांनंतर, भावाला तोंड देण्याच्या आदल्या रात्री, यब्बोक नदीच्या उताराजवळ त्याला पुन्हा तोच प्रश्न आला: तुझे नाव काय? या वेळी त्याने उत्तर दिले, “याकोब.” खरे नाव उच्चारल्यावरच त्याला इस्राएल हे नवे नाव मिळाले. आणि दुसऱ्या दिवशी तो लंगडत एसावासमोर गेला. ज्याला फसवले होते, त्याची भेट चुकवून त्याला पुढे जाता आले नाही.

नव्या करारात हीच गोष्ट अधिक कोमलतेने येते. संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेकोटी दोनदा पेटते. पहिल्या शेकोटीजवळ पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराच्या काठी तशीच शेकोटी पेटवली आणि तीनदा विचारले, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” त्याने पेत्राला त्याच्या जुन्या नावाने, योहानाचा पुत्र शिमोन म्हणून, हाक मारली. “तो विषय पुन्हा काढू नये,” असे प्रभू म्हणाला नाही. त्याने तो विषय काढला, आणि तोही दुखावण्यासाठी नव्हे, बरे करण्यासाठी. प्रभूच्या गौरवी देहावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्या. क्षमेला स्मृतीचे भय वाटत नाही, भय वाटते ते सोयीच्या शांततेला.

म्हणूनच प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई या तीन गोष्टी चर्चने एकत्र बांधल्या आहेत. देवाने क्षमा केलेले पाप आपल्या माथी पुन्हा मारले जात नाही, हे खरेच. परंतु भावाच्या हिश्शाची जमीन बळकावलेली असेल, तर पापनिवेदन करून ती आपली होत नाही.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांकडे पाहावे. एखादा मुलगा मुंबईला गेला आणि परतला तेव्हा त्याची जागा भरली गेली होती. एखादी मुलगी मनाविरुद्ध लग्न करून गेली आणि तिचा फोटो भिंतीवरून उतरला. वाटणीच्या वेळी एखाद्या विधवेची सही घाईने घेतली गेली. नाताळला सर्वजण जेवायला बसतात, हसतात, जुन्या चित्रपटांतील संवाद एकमेकांना ऐकवतात आणि ‘तो विषय’ कोणी काढत नाही. अशा घरात शांतता असते, समेट नसतो. तो विषय चव्हाट्यावर नेण्याची गरज नाही. ज्याचे देणे आहे त्याला एकट्याला गाठून, नाव घेऊन, तो प्रेमाने काढता येतो.

बार्ट दहा वर्षांचाच राहणार, कारण तो रेषांचा बनलेला आहे. आपले दिवस मोजलेले आहेत आणि ते एकापुढे एक जोडलेले आहेत. म्हणूनच आपल्याला पश्चात्ताप करता येतो. आपल्या घरातून गाडीला बांधून कोणाला पाठवले, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा आठवावे. तो माणूस हयात असेल, तर त्याला पत्र लिहिण्यास अजून उशीर झालेला नाही.