टाकाऊ ते काय?



नागपुरात आमच्या प्रतापनगरात सकाळच्या प्रहरी भंगारवाल्याची हाळी येते. घराघरातून रद्दी, फुटका पत्रा, मोडकी खुर्ची, सायकलचे वाकडे चाक बाहेर निघते. तराजू लागतो, चार पैसे हाती पडतात, आणि घर मोकळे झाले म्हणून आपण समाधान पावतो. यात गैर काही नाही. पण ज्या डोळ्याने मोडक्या खुर्चीकडे पाहिले, त्याच डोळ्याने आपण माणसाकडेही पाहू लागतो, ही खरी अडचण. ज्याचा पाय अधू, ज्यास ऐकू येत नाही, ज्याची समज हळू, तो कामाचा नाही असे आपण मनातल्या मनात तोलून मोकळे होतो. त्यास रस्त्यावर टाकीत नाही एवढेच. दोन वेळ जेवू घालतो, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार लोटून घेतो. अहो, हेही टाकणेच नव्हे काय?

संतचरित्रात कूर्मदासांची कथा आहे. हे पैठणचे भक्त हातापायांनी विकल. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि निघाले. चालता येत नाही म्हणून पोटावर सरपटत निघाले. सोलापूर जिल्ह्यातील लऊळ गावी देह पार थकला. तेव्हा पांडुरंग स्वतःच त्यांच्या भेटीस लऊळास आले, असे कथा सांगते. या कथेत आपण देवाची कृपा पाहतो, ती पाहावीच. पण आणखी एक गोष्ट पाहा. भेटीसाठी धड हातापायांची अट देवाने घातली नाही. आधी नीट हो, मग ये, असे पांडुरंग म्हणाले नाहीत. आपण मात्र आपल्याच माणसांस रोज तसे म्हणत असतो.

आता दूरचा, पण आपल्याच घरातला वाटावा असा एक दृष्टांत घ्या. ज्युडिथ स्कॉट ही बाई १९४३ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरी जन्मली. जुळ्या बहिणी, दुसरीचे नाव जॉइस. ज्युडिथला जन्मतः डाउन सिंड्रोम होता. शिवाय लहानपणीच तिचे ऐकणे गेले, आणि ते कोणाच्या ध्यानीच आले नाही. तोंडी प्रश्न विचारले, उत्तर आले नाही; झाले, शिकण्यास अपात्र असा शेरा पडला. १९५० साली, सातव्या वर्षी, तिला एका संस्थेत ठेवण्यात आले. पस्तीस वर्षे ती अशा संस्थांतून राहिली. १९८६ मध्ये जॉइसने तिला कॅलिफोर्नियात आपल्याजवळ नेले. १९८७ पासून ती ओकलंड येथील क्रिएटिव्ह ग्रोथ या अपंग कलावंतांच्या केंद्रात जाऊ लागली.

दोन वर्षे होत आली, तरी रंगात किंवा चित्रात तिचे मन लागेना. मग धाग्यादोऱ्यांच्या एका वर्गात तिच्या हाती सूत आले. तिने काड्या एकत्र धरल्या, त्यांवर सूत गुंडाळले, आणि त्या दिवसापासून ती थांबलीच नाही. हाती येईल ती पडकी वस्तू घ्यावी, लाकडाचा तुकडा म्हणा, पुठ्ठ्याची नळी म्हणा, चाक म्हणा. ती सुताने, दोरीने, चिंध्यांनी बांधीत जावी, गाठी मारीत जावी. एकेका कामास कधी महिनेच्या महिने लागत. एकदा सूत मिळेना, तर हात पुसण्याचे कागद घेऊन त्यांच्या गाठी मारून तिने काम केले. अठरा वर्षांत दोनशेच्या आसपास शिल्पे झाली. २००५ मध्ये ती वारली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले.

आता विचार करा, बदलले काय? तिला कान आले नाहीत, वाचा फुटली नाही. देह होता तोच राहिला. कोणी तरी तिच्यापुढे सामान ठेवले आणि वाट पाहिली, एवढेच बदलले. आणि आधीची पस्तीस वर्षे जी फुकट गेली, ती तिच्या व्यंगाने गेली की आपल्यासारख्यांच्या शेऱ्याने?

कोणी म्हणेल, महाराज, ही अमेरिकेतली गोष्ट, आपल्याकडे काय? तर मायबाप हो, वरोरा आपल्या नागपुराहून शंभरएक किलोमीटरवर आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, गाठीला चौदा रुपये आणि खडकाळ माळ, एवढे भांडवल. माणसे टाकलेली, जमीनही टाकलेली! कुष्ठरोगात नसा मरतात, भाजले-कापले कळत नाही, म्हणून बोटे झिजतात. त्या झिजलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेते पिकविली, हातमाग चालविले. पुढे डॉ. विकास आमटे यांनी जुने टायर आणि प्लास्टिकचा कचरा बंधाऱ्यांच्या कामी लावला. बाबा २००८ मध्ये गेले. त्यांचा आग्रह जन्मभर एकच, की भीक घालू नका, काम द्या.

येथे कित्येक जण म्हणतात, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. बरे, प्रारब्ध शब्द आपलाच आहे. पण तो स्वतःचे भोग सोसण्यास धीर यावा म्हणून आहे, दुसऱ्याच्या भोगावरून हात झटकण्यासाठी नव्हे. डाउन सिंड्रोम म्हणजे पेशीतल्या एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असणे. यात त्या लेकराचे पाप नाही, त्याच्या आईचेही नाही. कुष्ठरोग जंतूने होतो आणि औषधाने बरा होतो. हे कळल्यावरही आपण पापपुण्याचा हिशेब मांडीत बसलो, तर दोष कोणाचा?

दुसरे म्हणतात, आम्ही दया करतो. दया चांगलीच, पण ती ताट वाढून थांबली तर पुरी झाली नाही. घरात असे कोणी असेल तर त्यास कापडाचे तुकडे, सुतळी, गुंड्या, रिकामे डबे हाती द्या. काय कर हे सांगू नका. आठ दिवसांत काही झाले नाही तर उचलून ठेवू नका. ज्युडिथला जवळजवळ दोन वर्षे लागली. शिवाय सगळ्यांनाच कलावंत व्हावयाचे नाही. कोणी पिशव्या शिवील, कोणी भाजी निवडील. ज्याचे त्याचे काम त्यास मिळावे. आणि खोटे कौतुक करू नका. वस्तू चांगली झाली तर योग्य मोल देऊन घ्या आणि दर्शनी खोलीत ठेवा. चांगली नसेल तर तसे सांगा. दुसऱ्याच्या कामास आपण जशी पारख लावतो तशीच त्याच्या कामास लावणे, हा खरा मान.

तात्पर्य, वस्तू मोडते, पण माणूस टाकाऊ होत नाही. आपण वारीत एकमेकांच्या पाया पडतो. पाया पडताना समोरचा पाय धड की अधू हे कोणी पाहत नाही. तेवढी दृष्टी वारीतून परत येताना घरी आणली, तर आतल्या खोलीचे दार उघडावयास आषाढीची वाट पाहावी लागणार नाही.

रामकृष्णहरी.