चंद्राच्या रंगाची साक्ष

घराच्या गच्चीवर किंवा परसात सहा इंची आरशाची दुर्बीण उभी करून चंद्राचे रंगीत छायाचित्र घेणारा हौशी निरीक्षक शेवटी जे चित्र पुढे ठेवतो, ते पाहणाऱ्यास बहुधा खोटे वाटते. शांतिसागर पोलादी निळा, त्याला लागलेला प्रसन्नसागर तांबूस तपकिरी, ॲरिस्टार्कस विवराजवळचे पठार मोहरीच्या वर्णाचे. असा चंद्र कोणी पाहिला आहे? आक्षेप साधा आहे, आणि तो केवळ अभिरुचीचा नाही. छायाचित्र ही साक्ष मानली जाते. साक्षीदाराने न पाहिलेले सांगू नये.

या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे: डोळ्यांना दिसणारा रुपेरी चंद्र हाच खरा. वस्तुतः चंद्राचा पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठवतो. तो जुन्या डांबरी रस्त्यासारखा काळपट आहे; काळ्या आकाशात शेजारी उजळ असे दुसरे काही नसल्यामुळे तो दुधासारखा भासतो. कवींनी त्या भासावर पुष्कळ चांगले काव्य रचले आहे, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र प्रमाण म्हणून डोळ्याला पुढे करायचे असेल, तर या खटल्यात डोळाही निर्दोष साक्षीदार नव्हे.

भारतीय प्रमाणशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते कल्पनारहित असावे एवढ्यावर न थांबता ते अभ्रांतही असावे, अशी अट घातली. नेत्ररोग्याला दिसणारे दोन चंद्र आणि कावीळ झालेल्याला पिवळा दिसणारा शंख ही त्या परंपरेतील भ्रमाची नेहमीची उदाहरणे. मग रंग वाढवलेले छायाचित्र हा पिवळा शंखच नव्हे काय?

उत्तर कृतीच्या तपशिलात शोधावे लागते. निरीक्षक एक छायाचित्र घेत नाही. तो शेकडो, कधी हजारो चौकटी टिपतो, वातावरणाच्या थरथरीतून निसटलेल्या स्थिर चौकटी निवडतो आणि त्यांची सरासरी काढतो. ४०० चौकटींच्या सरासरीत संवेदकाचा यादृच्छिक गोंगाट विसाव्या हिश्शावर येतो. त्यानंतरच रंगांतील फरक थोडाथोडा वाढवला जातो. सरासरीपूर्वी वाढवला तर पदरी पडतात ते नुसते रंगीत कण. म्हणजे फरक आधी सिद्ध होतो, मग मोठा होतो. कुंचल्याने निळा रंग भरणे आणि असलेला फरक सर्वत्र एकाच प्रमाणात वाढवणे, यांत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे.

तरीही ही वाढ आंधळी असते, हे विसरून चालत नाही. चंद्र क्षितिजाजवळ असताना पृथ्वीचे वातावरण प्रकाशाची फोड करते. बिंबाची वरची कड निळसर, खालची तांबूस होते. भिंगाच्या साध्या दुर्बिणीत कडांना जांभळी झालर येते. वाढवण्याच्या क्रियेला हवेचा रंग, काचेचा रंग आणि खडकाचा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. ती तिघांनाही सारखेच मोठे करते. पिवळा शंख येथे शिरतो, आणि तो ओळखून बाहेर काढणे हे यंत्राचे नव्हे, माणसाचे काम. चंद्र माथ्याकडे येईपर्यंत वाट पाहणे हा त्या कामाचाच एक भाग.

आणखी एक अडचण आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. शांतिसागराचा निळा हा निळा नाहीच. चंद्रावरचा जवळजवळ प्रत्येक खडक निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश अधिक परावर्तित करतो. शांतिसागर फक्त इतरांहून कमी तांबडा आहे. चंद्राची सरासरी करडी धरली की हा उणेपणा निळा होऊन दिसतो. रंग येथे गुण नसून संबंध आहे. पण म्हणून तो मिथ्या ठरत नाही. १९६९ साली अपोलो ११ ने तेथून आणलेल्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आढळले, पृथ्वीवरील सामान्य बेसाल्टहून कितीतरी अधिक. निळेपणा जे सांगत होता, ते दगडाने मान्य केले.

उलट काही मोबाइल दूरध्वनींतील प्रणाली चंद्र ओळखताच पूर्वी शिकलेल्या चित्रांच्या आधारे त्यावरील खाचखळगे ठसठशीत करतात; २०२३ मध्ये यावर बराच वाद झाला. ते चित्र कोणालाही खोटे वाटत नाही. ते डोळ्यांना पटते, स्मृतीशी जुळते, आणि त्यातला किती भाग त्या रात्रीच्या चंद्राने दिला हे मात्र कळत नाही. भडक चित्राचा कर्ता आपण काय केले ते पायरीपायरीने सांगू शकतो. सौम्य चित्राच्या मालकाला ते ठाऊकही नसते. साक्षीची कसोटी दिसण्याच्या सारखेपणावर ठेवली, तर निकाल नेमका उलटा लागेल.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या मोहिमेत, शॉर्टी विवराच्या काठी, भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना करड्या धुळीत नारिंगी माती दिसली. ती पुढे ज्वालामुखीजन्य काचेच्या सूक्ष्म मण्यांची निघाली. पण त्या क्षणी ते ठाऊक नव्हते, आणि शिरस्त्राणावर सोनेरी मुलामा दिलेला पडदा होता. तो वर सारून पुन्हा पाहिले गेले. माती नारिंगीच होती.