नावीन्याचा भार कोणी वाहावा?

पहिल्या बदलीवर उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी रुजू झालो, तेव्हा कार्यालयातील आवक नोंदवहीचे रकाने मी आठ दिवसांत बदलून टाकले. जुन्या वहीत सहा रकाने होते. माझ्या वहीत ते अकरा झाले. नव्या अधिकाऱ्याच्या बुद्धीची खूण कोठेतरी उमटावी, एवढाच त्यामागचा हेतू होता, हे आज कबूल करावयास संकोच वाटत नाही. तेथील वृद्ध बडेबाबू "जी साहब" एवढेच म्हणाले. दोन वर्षांनी कार्यभार सोपविताना मला कळले की, त्यांनी जुनी वहीही चालूच ठेवली होती. दिवसा माझी वही भरावयाची आणि सायंकाळी, ज्या वहीवरून कागद खरोखर सापडत असे, ती भरावयाची, असा त्यांचा क्रम होता. माझ्या नावीन्याची किंमत ते रोज तासभर चुकती करीत होते.

ही जुनी गोष्ट परवा आठवली ती अगदी निराळ्या निमित्ताने. सुटीत आलेला माझा नातू आणि त्याचा मित्र 'गेम कन्सोल' या खेळयंत्रांविषयी तावातावाने वाद घालीत होते. ही यंत्रे करणाऱ्या कंपन्यांनी दर वेळी काही अपूर्व करून दाखवावे, असे एकाचे म्हणणे. नसत्या प्रयोगांपेक्षा ओळखीचे यंत्रच अधिक वेगवान करून द्यावे, असे दुसऱ्याचे. "आजोबा, तुम्हीच सांगा," म्हणून त्यांनी निवाडा माझ्यावर सोपविला. प्रश्न पोरखेळाचा वाटला, तरी तो पोरखेळ नाही. नवे करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर, हा नीतीचा जुना प्रश्नच येथे वेष पालटून उभा आहे.

जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी निघालेली निन्टेन्डो ही कंपनी या धंद्यातील एक अग्रणी. तेथे गुनपेई योकोई नावाचा तरुण १९६५ साली यंत्रांची देखभाल करण्याच्या कामावर लागला आणि पुढे खेळण्यांचा कल्पक निर्माता झाला. त्याने एक सूत्र मांडले. त्याचा शब्दश: अर्थ 'सुकलेल्या तंत्राचा आडवा विचार' असा होईल, पण आपल्या भाषेत लोणच्याला लावतो तो 'मुरलेले' हा शब्दच येथे अधिक शोभेल. जे तंत्र स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, ते घ्यावे आणि पूर्वी कोणी केला नाही असा त्याचा उपयोग करावा. आगगाडीत खिशातल्या गणकयंत्राशी चाळा करणारा एक प्रवासी पाहून त्याला हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. ते खेळ १९८० साली बाजारात आले. १९८९ साली त्याच्याच देखरेखीखाली 'गेम बॉय' निघाला. त्याचा पडदा हिरवट, त्यावर चारच छटा, आतून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत, प्रकाशमान पडद्याचे 'गेम गियर' आणले. पण त्याचे सहा सेल काही तासांतच संपत. गेम बॉय मात्र चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. मुलाच्या हातात दिसावयास रंगीत यंत्र श्रेष्ठ होते. मुलाच्या दिवसात मावावयास साधे यंत्र श्रेष्ठ ठरले.

हाच भेद २००६ साली मोठ्या प्रमाणावर दिसला. सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' मध्ये तोशिबा आणि आयबीएम यांच्या साहाय्याने घडविलेला 'सेल' नावाचा अपूर्व प्रोसेसर होता. पण त्याची शक्ती वापरण्यासाठी खेळ रचणाऱ्यांना जवळजवळ नव्याने धुळाक्षरे गिरवावी लागली, आणि अमेरिकेत यंत्राची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. निन्टेन्डोच्या 'वी' यंत्राची शक्ती त्यापुढे नगण्य. मात्र त्याची कळकांडी हातात धरून हात फिरविला की पडद्यावरचा चेंडू फिरे. हालचाल ओळखणारे तसले घटक मोटारीतील सुरक्षापिशवी उघडण्यासाठी आधीच वापरात होते. २५० डॉलरच्या त्या यंत्राने, ज्यांनी जन्मात कधी असल्या कळा दाबल्या नव्हत्या अशा आजीआजोबांना खेळावयास उभे केले. अमेरिकेतील वृद्धाश्रमांतही त्यावर बोलिंगचे डाव रंगले.

एवढ्यावरून योकोईचे सूत्र म्हणजे यशाचा मंत्र, असे मानावयाचे कारण नाही. त्याच योकोईने १९९५ साली 'व्हर्च्युअल बॉय' काढला. स्वस्त, मुरलेल्या लाल दिव्यांचा त्यात आडवा उपयोग होता. परंतु चष्म्यासारख्या खोक्यात डोळे खुपसून, मान वाकवून, एकट्यानेच खेळावे लागे. डोके दुखे, डोळे शिणत. वर्षभरातच तो बाजारातून गेला. उलट, सोनीने २०१३ साली 'प्लेस्टेशन ४' काढताना अपूर्वतेचा हव्यास सोडला आणि घरगुती संगणकांच्या परिचित घडणीचा आधार घेतला. खेळ रचणाऱ्यांनी तिचे स्वागत केले आणि ते यंत्र ११ कोटींहून अधिक खपले. म्हणजे परंपराही कधी उपकारक, कधी अपकारक. निन्टेन्डोने १९९६ च्या यंत्रात चकतीऐवजी जुनी महागडी कॅसेट कायम ठेवली, तेव्हा कमी जागेचा जाच खेळ रचणाऱ्यांना झाला आणि काही मातबर मंडळी सोनीकडे निघून गेली.

तेव्हा नवे की जुने, हा प्रश्नच मला चुकीच्या ठिकाणी उभा केलेला वाटतो. विचारावयाचे ते हे की, या निर्णयाचा भार कोणावर पडतो आणि त्याचे फळ कोणाला मिळते? भार पडूच नये, असे मात्र कोणी म्हणू नये; मग जगात नवे काही घडणारच नाही. त्याच १९९६ च्या यंत्रावर अंगठ्याने हव्या त्या दिशेला, हव्या त्या वेगाने वळविता येणारी एक लहान दांडी होती. ती हाताळावयास मुलांना शिकावे लागले. पण शिकणाऱ्याला मोकळ्या मैदानात धावण्याचा आनंद लाभला. श्रम ज्याचे, फळही त्याचेच. याउलट मायक्रोसॉफ्टने २०१३ साली आपल्या यंत्राबरोबर 'किनेक्ट' हा कॅमेरा घेणे सक्तीचे केले, त्यामुळे ते प्रतिस्पर्ध्यापेक्षा १०० डॉलरनी महाग पडले. ज्यांना कॅमेरा नको होता, त्यांनीही मालकाच्या प्रयोगाची वर्गणी भरावयाची! पुढच्याच वर्षी कंपनीला ती सक्ती मागे घ्यावी लागली. नावीन्य हे आमंत्रण असावे, हुकूम नव्हे.

आणखी एक कर्तव्य मला निर्मात्यावर ठेवावेसे वाटते. ज्याने कालच्या यंत्रावर पैसा आणि आयुष्याचे तास घातले, त्याला नव्या घरात पाऊल टाकताना जुन्या घराचे सामान बरोबर नेता यावे. २००० सालच्या 'प्लेस्टेशन २' वर आधीच्या यंत्राच्या चकत्या चालत. २०२५ च्या 'स्विच २' वरही आधीच्या 'स्विच'चे बहुतेक खेळ चालतात. वरवर पाहता ही किरकोळ सोय. पण परमुलखात बदल्यांवर बदल्या काढलेल्या माणसाला तिचे मोल सांगावयास नको. नव्या गावाचे आपल्याला भय नसते. भय असते ते जुने सर्व तेथे निरुपयोगी ठरण्याचे.

मुलांना मी इतकेच म्हणालो, "जो धाडस करतो, त्याने ते आपल्या खर्चाने करावे, दुसऱ्याच्या श्रमांवर नव्हे." नातवाला हे उत्तर फारसे पटले नाही. धाडस करणाराच खर्चाला भ्याला तर नवे यंत्र निघणार कसे, असे त्याने विचारले. त्याची शंका रास्त आहे, आणि तिचे संपूर्ण समाधान माझ्यापाशी नाही. पण तो बोलत असता माझ्या डोळ्यांपुढे सायंकाळचे ते रिकामे कार्यालय होते, आणि कंदिलाशेजारी सहा रकान्यांची वही उघडून बसलेले बडेबाबू. त्यांना एकदा विचारले असते, तर अकरांपैकी एखादा रकाना त्यांनीही कदाचित आनंदाने ठेवला असता.