सवय की बहिरेपणा?

सवय ही मनुष्याला लाभलेली मोठी देणगी होय, असे आपण सर्वजण मानीत आलो आहो. नव्या घरातील घड्याळाची टिकटिक आठ दिवसांत ऐकू येईनाशी होते, नवा जोडा चार दिवसांत बोचेनासा होतो, आणि दुःखाचीही धार कालांतराने बोथट होते. ही देणगी नसती, तर जगणे अशक्य झाले असते, हे कोणीही कबूल करील. परंतु जिला आपण सवय म्हणतो, ती प्रत्येक वेळी सहनशक्तीच असते काय? हा प्रश्न मला पुस्तकांनी घातला नाही. तो आमच्या आळीतील एका वृद्ध मिस्त्रीने, न विचारताच, माझ्यापुढे टाकला.

गोंदियाच्या रहिवाशाला भातगिरणीची ओळख करून द्यावयास नको. भोवतालचा मुलूख धानाचा, आणि धान आले की ते भरडणारी यंत्रे आलीच. या मिस्त्रीचा उभा जन्म अशाच एका गिरणीत गेला. "सर, पहिल्या वर्षी कान फुटतील की काय असं वाटायचं. मग सवय झाली. आता आवाज होतो हे ध्यानातही येत नाही," असे तो एकदा मला म्हणाला. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याला असा दृष्टांत आयता मिळाला, तर तो सोडतो कशाला? तितिक्षा म्हणजे काय, हे समजावून देताना मी कित्येक वर्षे वर्गात या मिस्त्रीचे उदाहरण देत असे.

पुढे एका संध्याकाळी मी त्याच्या ओसरीवर बसलो होतो. त्याच्या पाच वर्षांच्या नातीने पाठीमागून हाक मारली, "आबा!" तो वळला नाही. तिने पुन्हा हाक मारली. तरी तो स्वस्थच. तेव्हा ती पोर यत्किंचितही न रुसता वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली, आणि त्याच्या सदऱ्याची बाही ओढून बोलू लागली. तो वळसा तिच्या अंगवळणी पडलेला होता. घरातल्या लेकराला जे ठाऊक होते, ते मला ठाऊक नव्हते. ज्याला मी तितिक्षा म्हणत होतो, तो बहिरेपणा होता.

कानाची रचना पाहिली म्हणजे ही चूक कशी घडते ते उमगते. ध्वनीची लाट पडद्यावर आदळते. पडद्यामागील तीन हाडांची साखळी ती आत पोचविते. त्यांतले शेवटचे, रिकिबीच्या आकाराचे हाड हे सबंध देहातील सर्वांत लहान हाड होय. त्यापलीकडे शंखाप्रमाणे वेढे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी असते, आणि तीत सुमारे 15,000 केशपेशी त्या लाटेची वार्ता टिपून मेंदूकडे धाडीत असतात. रोजचे आठ तास, वर्षानुवर्षे, 85 डेसिबलांहून मोठा आवाज कानी पडत राहिला, तर या पेशी हळूहळू मरू लागतात, आणि प्रथम मरतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणूनच अशा माणसाला ढोल ऐकू येतो, पण लहान मुलाचा कोवळा आवाज आणि 'स', 'थ' यांसारखी हलकी व्यंजने हरवतात.

याच शंखाला लागून, त्याच द्रवाने भरलेल्या, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांचे काम ऐकण्याचे नव्हे, तोल राखण्याचे. या तोलाच्या यंत्रणेवरील संशोधनाबद्दलच रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोके वळले की नळी वळते, आतला द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्याचीच खबर मेंदूला जाते. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्यांच्या पेंड्या घेऊन बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून चालणारी बाई या मुक्या सेवकाच्याच भरवशावर चालते. पण याची एक खोड आहे. त्याला फक्त बदल कळतो. फुगडी खेळणारी मुलगी डोळे मिटून एकाच वेगाने फिरत राहिली, तर थोड्याच वेळात द्रव नळीच्या वेगाला गाठतो, खबर थांबते, आणि फिरत असूनही आपण फिरत आहो हे तिला जाणवेनासे होते. ती थांबते तेव्हा मात्र तिला भोवळ येते.

एकाच कानात अशा दोन प्रकारच्या 'सवयी' शेजारी शेजारी नांदत आहेत. एकीत जाणीव मुकी झालेली असते, पण जिवंत असते. थांबताच भोवळीच्या रूपाने ती ओरडून उठते. दुसरीत जाणीव मेलेलीच असते. गिरणी बंद पडली, तरी हरवलेली हाक परत येत नाही. आमच्याच जिल्ह्यातील तळ्यांकाठी जोडीने साद घालणारा सारस या बाबतीत आपल्याहून भाग्यवान म्हणावयाचा, कारण पक्ष्यांच्या कानातील मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, असे 1980 नंतरच्या दशकात सिद्ध झाले आहे. मनुष्याच्या कानाला ही दुसरी संधी नाही.

अन्यायाच्या बाबतीतही आपण 'सवय झाली' असेच म्हणतो. ते म्हणताना आपण या दोहोंपैकी कोणत्या सवयीत आहो, हे कसे ओळखावे? मला एकच कसोटी दिसते: मधूनमधून थांबून पाहावे. थांबल्यावर भोवळ आली, आपलेच वर्तन आपल्याला गरगरविणारे वाटले, तर आशा आहे. काहीच वाटले नाही, तर मात्र भय धरावे.

आणखी एक गोष्ट. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. म्हणून ध्वनीच्या व्यवहारात संयमाचा भार ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही; तो आवाज करणाऱ्यानेच उचलला पाहिजे. 2000 सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलांची मर्यादा घातली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. दुसऱ्याच्या सोसण्याची स्तुती करणे फार सोपे असते, आणि त्या स्तुतीने आपली झोप निर्वेध होते. मी ती वर्षानुवर्षे केली. आता तो दृष्टांत मी वर्गात देत नाही. त्याऐवजी आजोबांना वळसा घालून समोर येणाऱ्या त्या पोरीची गोष्ट सांगतो.