उत्तराआधीची अट

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथी मंदिराजवळ हनुमंतरायन कोविल स्ट्रीट नावाची गल्ली आहे. १९१३ साली श्रीनिवास रामानुजन या गल्लीत राहत होते. कागद महाग, म्हणून त्यांचे गणित पाटीवर चाले. फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून लिहिलेले ते कोपरानेच पुसत. सगळी रीत पाटीवर उमटून तिथेच मिटायची आणि वहीत उतरायचे ते शेवटचे सूत्र.

या सवयीची किंमत पुढच्यांनी मोजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्या वह्या जशाच्या तशा छापल्या. त्यांतल्या तीन हजारांहून अधिक सूत्रांचा सिद्धतांसह छडा लावणारे ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. सूत्रे बहुतेक बरोबरच होती, पण ती का आणि कुठवर खरी, हे एकेक करून शोधावे लागले.

२७ फेब्रुवारी १९१३ च्या पत्रात रामानुजन यांनी इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना कळवले की १ + २ + ३ + ४ अशी कधीच न संपणारी बेरीज आपल्या सिद्धान्तानुसार उणे एक-बारांश येते. हे सांगितले तर आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवली जाईल, असेही त्यांनी तिथेच लिहिले. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज अनंताकडे जाते. झीटा फलनाच्या आधारे बेरजेचा अर्थ ठरवला, तर मात्र रामानुजन यांचे उत्तर अचूक ठरते. ‘आपल्या सिद्धान्तानुसार’ एवढे दोन शब्द गाळले की खरे विधान खोटे होते. गणिताच्या उत्तराला अट चिकटलेली असते आणि ती अट उत्तराचाच भाग असते.

आज हा धडा नव्याने गिरवायची वेळ आली आहे. भाषा-मॉडेलवर चालणारे एआय एजंट आता आपल्या वतीने हिशेब करू लागले आहेत. मॉडेल मुळात पुढचा शब्द कोणता याचा अंदाज बांधते. मोठ्या गुणाकारात ते हातचा विसरू शकते. म्हणून त्याच्या हाती आकडेमोडीचे टूल दिले जाते. ते कधी वापरायचे आणि त्यात काय भरायचे, हे एजंट टूलसोबतच्या लेखी वर्णनावरून ठरवतो. पुष्कळदा त्या वर्णनात एकच ओळ असते: ‘गणिती पदावली सोडवते.’

ही ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. ९० ची साइन विचारली आणि टूल अंश धरत असेल तर उत्तर १ येते. रेडियन धरत असेल तर सुमारे ०.८९४. उणे ३ चा वर्ग कंसाशिवाय लिहिला तर एक्सेल ९ देते, पायथन उणे ९. शाळेतले ‘कंचेभागुबेव’ इथे निवाडा करत नाही, कारण उणे चिन्ह आधी की घात आधी, हे ज्याने त्याने ठरवले आहे.

आपल्या व्यवहारातला दाखला याहून बोलका आहे. सावकार ‘दोन टक्के’ म्हणतो ते महिन्याचे आणि बँक ‘बारा टक्के’ म्हणते ते वर्षाचे. व्याज काढणाऱ्या टूलच्या वर्णनात नुसते ‘दर’ लिहिले असेल, तर एजंट सावकाराचे दोन टक्के वार्षिक म्हणून भरील. एक लाखाच्या कर्जावर वर्षाचे सरळ व्याज २४,००० रुपयांऐवजी २,००० दिसेल. यंत्राने आकडेमोड बिनचूक केलेली असेल आणि कर्जदार मात्र बुडालेला असेल.

यावर कोणी म्हणेल की मॉडेल हुशार होत चालली आहेत, प्रयोग करून शिकतील. शिवाय लांबलचक वर्णन वाचण्याचाही खर्च असतोच. वर्णन आटोपशीर हवे, हे मला मान्य आहे. पण प्रयोगातून कळते ती ओरडणारी चूक. शून्याने भागले की टूल बहुधा थांबते आणि एजंट सावध होतो. २,००० रुपये हा आकडा ओरडत नाही, तो मुकाट्याने पुढच्या हिशेबात जाऊन बसतो. हार्डींनी रामानुजन यांच्याकडे सिद्धता मागितल्या. एजंटला मात्र पुष्कळदा शंकाच येत नाही. मोकळी जागा दिसली की तो आपला अंदाज भरतो.

म्हणून वर्णनात चार गोष्टी तरी हव्यात: कोन कशात आणि दर कोणत्या मुदतीचा, उत्तर किती अंकांपर्यंत विश्वासार्ह, कुठे टूल नकार देते आणि तेव्हा काय कळवते, आणि ताडून पाहिलेली दोन-तीन सोडवलेली उदाहरणे. ताडून पाहणे म्हणजे काय, तेही रामानुजन यांच्याच कामात सापडते. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते, याचे हार्डी आणि रामानुजन यांनी सूत्र काढले. २०० साठी असे प्रकार पर्सी मॅकमहन यांनी वेगळ्या वाटेने, हाताने मोजले: ३९,७२,९९,९०,२९,३८८. दोन्ही उत्तरे जुळली, तेव्हा सूत्राचे बळ दिसले. आणि हीच संख्या अशीच स्वल्पविरामांसह टूलला दिली, तर काही टूल ती सहा वेगळ्या संख्या समजतील. ही बाबही कुठेतरी लिहिलेली हवी.

आपल्याकडे अनेक ठिकाणी टूल आधी बनते आणि वर्णन शेवटच्या संध्याकाळी, उरकायचे म्हणून लिहिले जाते. हा क्रम बदलायला हवा. टूल घडवणाऱ्या प्रत्येक मराठी अभियंत्याला माझी एवढीच विनंती आहे: उत्तर देणारी ओळ लिहिण्याआधी, ते उत्तर कोणत्या अटीवर खरे आहे ती ओळ लिहा. रामानुजन यांच्या पाटीवरून पुसलेले शोधायला बर्न्ट मिळाले. तुमच्या टूलच्या उत्तरावर ज्याचे कर्ज अवलंबून आहे, त्याला तेवढी सवड मिळणार नाही.