खुसरोंनी मागितलेली माफी

वरणगावहून भुसावळ गाठून खंडव्याकडची गाडी धरली, की रावेरनंतर बुऱ्हाणपूर येतं. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी हे शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. पण याच शिष्याला गुरूंनी एकदा दरबारातून घालवून दिलं होतं.

अमीर खुर्द यांच्या ‘सियर-उल-औलिया’ या चौदाव्या शतकातल्या फारसी ग्रंथात ती हकीकत आहे. बुऱ्हानुद्दीन वयस्क, शरीराने थकलेले. बसताना त्रास होई म्हणून घोंगडीची दुहेरी घडी अंगाखाली घेत. कुणीतरी गुरूंच्या कानावर घातलं, की हे आता स्वतःच पीर असल्यासारखे गादीवर बसतात. निजामुद्दीन बोलेनासे झाले आणि निघून जाण्याचा निरोप आला. शिष्य घरी बसून झुरू लागला. शेवटी कवी अमीर खुसरो पुढे झाले. स्वतःचा काडीचा दोष नसताना पागोटं गळ्यात अडकवून ते गुरूंसमोर उभे राहिले. काय हवं, असं गुरूंनी विचारताच त्यांनी मित्रासाठी माफी मागितली. मग दोघेही तसेच, गळ्यात पागोटं घालून आले. गुरूंनी जवळ घेतलं.

ही माफी माणसाची माणसाकडे होती. इस्लाममध्ये तौबा, म्हणजे पापाचा पश्चात्ताप, थेट अल्लाहपाशी करायची असते, मध्ये कुणी पुरोहित नाही. मात्र कुणाचे पैसे बुडवले, शेताचा बांध कोरला, चारचौघांत अब्रू काढली, तर नुसती नमाज पढून ते फिटत नाही. ज्याचा हक्क मारला, त्याला तो परत द्यावा लागतो, त्याच्याकडेच माफी मागावी लागते. म्हणून हजला निघालेला माणूस आधी देणी चुकवतो आणि घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो.

माफ करणं त्याहून अवघड. पैगंबरांचे सोबती हजरत अबू बकर यांच्या कन्या आयेशा यांच्यावर खोटा आळ आला, तेव्हा तो पसरवणाऱ्यांत मिस्तह हा अबू बकर यांच्याच मदतीवर जगणारा गरीब नातलग होता. त्याला यापुढे छदामही देणार नाही, अशी शपथ अबू बकर यांनी घेतली. बापाचा तो संताप कुणालाही समजेल. त्यावर माफ करायला सांगणारी, कुरआनातल्या सूरह नूरची बाविसावी आयत आली आणि त्यांनी मिस्तहची मदत पुन्हा सुरू केली. लेकीच्या दुःखावर मात करून घातलेलं ते अन्न हीच त्यांची खरी आध्यात्मिक उंची.

गावात, भावकीत, मोहल्ल्यात वर्षानुवर्षं बोलणं तुटलेली माणसं असतात. दोघांपैकी कुणीच पाऊल उचलत नसेल, तर जवळच्या तिसऱ्याने खुसरोंसारखं मध्ये पडावं, आणि त्यासाठी कुणाच्या हजची वाट पाहू नये.